एमसीआरची चप्पल, सदाशिव पेठ, सातारा: किमोतल्या बधिर पायांसाठी

मोती चौकातून राजवाड्याकडे चालले होते. मागून पेरूवाल्या मावशींनी हाक मारली, "अगं बाई, चप्पल राहिली की तुझी!" खाली बघितलं तर उजव्या पायात चप्पल नाही. ती दहा-बारा पावलं मागे, रस्त्याच्या मधोमध पडलेली. तेवढं अंतर मी डांबरावरून अनवाणी चालत आले होते आणि पायाला त्याचा पत्ता नव्हता. मावशींनीच चप्पल उचलून आणून दिली. पेरूच्या गाड्याला धरून ती पायात सरकवली, पण नीट बसली की नाही ते वाकून बघावं लागलं. मग रिक्षा केली आणि गोडोलीपर्यंत रडत आले.

हा डिसेंबरचा पहिला आठवडा होता. पॅक्लीटॅक्सेल या किमोच्या औषधाच्या 12 डोसपैकी 6 झाले होते. त्यानंतर चार दिवसांनी मी जी चप्पल करायला टाकली, तिच्याबद्दल आज लिहायला बसले आहे. आठ महिने वापरून झाली. थंडीत वापरली, उन्हाळ्यात वापरली, आता साताऱ्याच्या पावसात वापरते आहे. ज्या बायांचं हे औषध आता सुरू होणार आहे, त्यांच्यापर्यंत हे वेळेत पोहोचावं एवढीच इच्छा आहे. मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक ताप आणि एक ॲडमिशन टळलं असतं.

मी एसटीत कंडक्टर आहे, 17 वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं सातारा-महाबळेश्वर मार्गावर. गाडी मेढा सोडून केळघरच्या घाटाला लागली की एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, आणि धरायला हात शिल्लक नाही. तेव्हा तोल पाय सांभाळतात. वळण यायच्या आधी तळव्याला कळतं, अंगठा आपोआप दाबला जातो, टाच रुतते. हे कोणी शिकवत नाही, सहा महिन्यांत पायच शिकतात. म्हणून पाय बधिर होणं म्हणजे माझ्यासाठी नुसता त्रास नव्हता. माझं काम पायावर उभं आहे.

मागच्या जूनमध्ये डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. मग तीन-तीन आठवड्यांनी चार डोस, त्यातल्या एका औषधाला सगळे पेशंट 'लाल औषध' म्हणतात. केस गेले, तोंड आलं, ते सगळं अपेक्षेप्रमाणे. त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लीटॅक्सेल, तासाभराची सलाईन. यात उलट्या कमी, म्हणून मी खूश होते. तिसऱ्या-चौथ्या डोसानंतर बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. वाटलं बसून बसून येत असतील. मग तळव्याखाली कापडाची घडी ठेवल्यासारखं वाटायला लागलं. मोजे काढून झोपले तरी पायात मोजे असल्यासारखं.

डॉक्टरांनी नंतर मला माझ्या भाषेत समजावलं. हे औषध पेशीच्या आतल्या बारीक नळ्या जखडून टाकतं, म्हणून कॅन्सरची पेशी दुभंगू शकत नाही. पण तशाच नळ्या मज्जातंतूच्या आतही असतात आणि त्यांवरून सगळा माल इकडून तिकडे जातो. "ताई, रस्ता खराब झाला की आधी कुठली गाडी लेट होते? लांब पल्ल्याची. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा तंतू शरीरात सगळ्यात लांब, म्हणून पहिला फटका बोटांना." हे ऐकलं आणि सगळं डोक्यात बसलं.

पण हे संभाषण झालं सहाव्या डोसानंतर, कारण तोपर्यंत मी लपवलं होतं. दर आठवड्याला सिस्टर विचारायच्या, बटण लावता येतं का, चालताना अडखळता का, आणि मी म्हणायची, काही नाही, ठीक आहे. शेजारच्या खुर्चीवरची एक बाई म्हणाली होती की मुंग्या सांगितल्या तर डोस कमी करतात, आणि कमी डोस म्हणजे आजार उलटणार. या एका वाक्याने मी तीन आठवडे तोंड मिटून बसले. डॉक्टर रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. डोस थोडा कमी करणं किंवा एक आठवडा पुढे ढकलणं हे उपचाराचाच भाग आहे. न सांगितल्यामुळे तंतूंचं जे नुकसान होतं ते कधी कधी पुढे राहून जातं. माझा पुढचा डोस थोडा कमी केला. बाकीचे सगळे पूर्ण झाले. कृपा करून लपवू नका.

आता चपलेकडे येते, पण आधी मी घेतलेली चुकीची चप्पल सांगायलाच हवी, कारण तीच जास्त बाया घेतात.

नोव्हेंबरात नणंदेने सांगितलं म्हणून एका मोठ्या चकचकीत दुकानातून मी ॲक्युप्रेशरची चप्पल घेतली होती, 1,800 रुपयांना. आत रबराचे टोकदार दाणे. विकणाऱ्या मुलाला मी किमो चालू असल्याचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग तर बेस्टच आहे काकी, रक्त फिरतं, मुंग्या पळून जातात." पहिल्या दिवशी मला ती छानच वाटली, कारण कितीतरी दिवसांनी तळव्याला काहीतरी जाणवत होतं. दिवसभर घरात घालून फिरले. रात्री मुलगी म्हणाली, "आई, मोज्याला रक्त लागलंय." अंगठ्याखालच्या मऊ भागावर फोड येऊन फुटला होता, अगदी दाण्याच्या मापाचा. मला दुखलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप 101. किमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे एवढीशी जखमसुद्धा भारी पडते. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं की ताप 100.4 च्या वर गेला तर वेळ बघायची नाही, घरची गोळी घेऊन वाट बघायची नाही, सरळ फोन करायचा. रात्री साडेअकराला फोन केला, तीन दिवस ॲडमिट, सलाईनमधून ॲन्टिबायोटिक. एक डोस पुढे गेला. दुकानात चप्पल परत न्यायला आमचे हे गेले, तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. नियम असेल त्यांचा. पण बधिर पायाच्या माणसाला दाणेदार चप्पल विकू नये, एवढं तरी त्यांनी शिकून घ्यावं.

ती फेकली आणि जुनी अंगठ्याची चप्पल घालायला लागले. तीच मोती चौकात सुटली.

दुकानाचा पत्ता हॉस्पिटलातल्या ड्रेसिंगच्या सिस्टरांनी दिला. सदाशिव पेठेतल्या एका बोळात आहे. पाटीवर 'चप्पल-बूट दुरुस्ती' एवढंच लिहिलंय, नाव असं काही नाही. दहा बाय आठची जागा, पुढे शिवणाचं मशीन, भिंतीला लाकडी कलबूत टांगलेले. काका साठीच्या पुढचे असतील. त्यांच्या वडिलांचं काम कोल्हापुरी चपलांचं. कोल्हापुरी म्हटलं की लोकांना फक्त कोल्हापूर आठवतं, पण 2019 मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला सातारा जिल्हाही आहे, हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत अभिमानाने सांगितलं. आणि लगेच म्हणाले, "पण तुम्हाला ती देणार नाही."

मग मी विचारायच्या आत कारण सांगितलं. अंगठ्याची चप्पल पायात राहते ती पट्ट्यामुळे नाही, आपण बोटांनी ती सारखी पकडून ठेवतो म्हणून. चालताना दर पावलाला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वादी धरतात. आपल्याला ते कळतही नाही. बोटं बधिर झाली की पकड गेली, चप्पल सुटली. चार दिवस मी स्वतःला दोष देत होते, लक्ष नव्हतं माझं, बावळटासारखी चालत होते. काकांच्या त्या दोन वाक्यांनी डोक्यावरचं ओझं उतरलं.

तरुणपणी त्यांनी काही वर्षं कुष्ठरोग्यांच्या एका दवाखान्यात चपला बनवायचं काम केलं होतं, एमसीआर तिथेच शिकले. एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर. आत असंख्य बारीक हवेचे कप्पे असलेलं मऊ रबर, बोटाने दाबलं की बसतं आणि सोडलं की परत वर येतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्यांच्या पायाच्या जखमा बऱ्याचदा रोगाने सडून होत नाहीत, दुखत नाही म्हणून होतात: खडा रुतला तरी माणूस त्यावरच चालत राहतो. तेच मधुमेहाच्या पायाला लागू, आणि माझ्याही. आमच्या चाळीतल्या एकीने चप्पल बघून "ही तर महारोग्यांची चप्पल" असं म्हटलं. वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण ज्यांच्या पायांवरून हे ज्ञान मिळालं त्यांचे उपकारच आहेत माझ्यावर, असं मी तिला म्हणाले आणि घालत राहिले.

माप घ्यायची पद्धत सांगते, कारण पैसे खरे त्याचेच आहेत.

काकांनी मला संध्याकाळी पाचनंतरच बोलावलं. दिवसभरात पाय सुजतो, सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी चावते. जे सुती मोजे रोज घालणार तेच घालून यायला सांगितलं. आधी मोजे काढायला लावले, डोळे मिटायला सांगितले आणि पेन्सिलीचं मागचं बोथट टोक एकेका बोटाला लावत विचारत गेले, "आता कुठं?" मी पहिली दोन बरोबर सांगितली. मग ते गप्प बसले. मी वाट बघतेय. म्हटलं, "काका, लावा की." ते म्हणाले, "ताई, तीन बोटांना लावून झालं."

डोळे उघडले तर पेन्सिल करंगळीवर टेकलेली होती.

"म्हणजे तुमच्या सांगण्यावर माप घेता यायचं नाही," काका म्हणाले, "माझ्या हातानं घ्यावं लागंल." आपण चप्पल घेताना काय करतो? घालतो, दोन पावलं चालतो, चावत नाही म्हणतो, पैसे देतो. बधिर पायाला चावलेलं कळतच नाही, मग तो चप्पल पसंत कशी करणार? मोठ्या दुकानातल्या मुलाने मला विचारलं होतं, "कशी वाटते काकी?" आणि मी छान वाटते म्हणाले होते. तो प्रश्नच माझ्या पायाला विचारण्यासारखा नव्हता.

मग त्यांनी जाड पुठ्ठ्यावर मला उभं केलं, बसून नाही, पूर्ण वजन देऊन, आणि दोन्ही पायांची रेघ काढली. पेन्सिल सरळ उभी धरून. डावा पाय उजव्यापेक्षा मोठा भरला, सूज त्या बाजूला जास्त होती. पुठ्ठा कापून ठेवला. चप्पल तयार झाल्यावर तो पुठ्ठा आत घालून बघितला: कुठेही दुमडता कामा नये, आणि पुढे अंगठ्याच्या टोकापासून बोटभर जागा उरायला हवी. पट्टे लावल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली स्वतःची करंगळी सरकवून बघितली. आतल्या शिवणीवरून हात फिरवला आणि एका जागी टाक्याची गाठ लागली म्हणून तो टाका उसवून परत घातला. मला ती गाठ कधीच लागली नसती. पण माझ्या कातडीला लागली असती.

चप्पल दिसायला अशी: खाली कडक रबराचा तळ, काटा किंवा खिळा आरपार न येणारा, वर एमसीआरचा मऊ थर, पुढे दोन रुंद पट्टे, टाचेमागे एक पट्टा, तिन्ही चिकटपट्टीचे. अंगठा नाही, बक्कल नाही, आणि कुठेही खिळा नाही, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. मागच्या पट्ट्यामुळे चप्पल पायातून सुटूच शकत नाही. हे एक कारणसुद्धा मला पुरेसं होतं.

किंमत 950 रुपये. फसलेल्या चपलेच्या जवळजवळ निम्मी.

घालायची पण पद्धत दिली. पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास, घरातच. मग काढायची आणि पाय बघायचा. पट्ट्याच्या जागी लाल वळ असेल आणि वीस मिनिटांत गेला नाही तर चप्पल परत आणायची. दुसऱ्या दिवशी तास, असं वाढवत न्यायचं. माझ्या डाव्या पायाच्या बाहेरच्या हाडावर वळ राहिला. परत नेली. काकांनी पट्टा उसवून पाव इंच मागे घेतला, पैसे घेतले नाहीत.

आता खोट सांगते. चार दिवसांत देतो म्हणाले आणि अकरा दिवस लावले. त्या अकरा दिवसांत माझे दोन डोस झाले आणि मी घरात मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून बसले. ज्याचा उपचार चालू आहे त्याच्यासाठी अकरा दिवस फार असतात, हे मी काकांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. दुकानाला दोन उंच पायऱ्या आहेत, धरायला काही नाही. बधिर पायाच्या माणसांना चपला विकणाऱ्या दुकानाला कठडा हवाच. मी दर वेळी ह्यांचा किंवा मुलीचा हात धरून चढले. एकट्याने जाऊ नका.

रंग दोनच, काळा आणि तपकिरी. साडीवर बरी दिसत नाही. माझं त्यावाचून अडलं नाही, पण एकीचं अडलं आणि तिने घेतली नाही, म्हणून लिहिते. पावसाळ्यात चिकटपट्टीत चिखल अडकतो, जुन्या टूथब्रशने काढावा लागतो. एकदा भिजली की वाळायला दीड दिवस लागतो, आणि ओली चप्पल घालणं आपल्याला परवडणारं नाही, बोटांच्या बेचक्यात बुरशी येते. जमलं तर दोन जोड करून घ्या. एमसीआर कायम टिकत नाही. माझ्या टाचेखालचा थर सहाव्या महिन्यात बसायला लागला, दाबल्यावर पहिल्यासारखा वर येत नव्हता. वरून चप्पल नवी दिसते, आतून संपलेली असते. महिन्यातून एकदा अंगठ्याने दाबून बघत जा.

आणि चप्पल कितीही चांगली असली तरी ती बघायचं काम करत नाही. ते काम माझ्या मुलीने केलं. रोज रात्री जेवणं झाली की ती माझे पाय मांडीवर घ्यायची आणि मोबाईलचा टॉर्च लावून तळवे, टाचा, बोटांच्या फटी बघायची. मी एकटी असले की फरशीवर आरसा ठेवून बघायची. व्हॅसलीन टाचेला, तळव्याला लावायचं, बोटांच्या मध्ये नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल काढायचे नाहीत. पार्लरमध्ये पायांना काही करून घ्यायचं नाही, ते क्युटिकल काढणं तर अजिबात नाही. मोजे उलटे घालायचे, म्हणजे शिवण बाहेर राहते. हे मला सिस्टरांनी सांगितलं आणि मला ते फार आवडलं, काही खर्च नाही आणि बोटांवरचे वळ गेले. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. डिसेंबरच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायची माझी सवय होती, ती सगळ्यात आधी बंद केली.

जोडव्यांचं मात्र मनाला लागलं. सुजेमुळे ती बोटात रुतली होती आणि मला कळत नव्हतं. मुलीला खाली पांढरा पडलेला वळ दिसला. साबण लावून निघेनात. सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागली. 24 वर्षं पायात होती. घरी सासूबाईंना कसं सांगू याच विचारात होते, तर त्यांनीच माझा पाय बघितला आणि म्हणाल्या, "जोडवी परत घडवता येतील. पाय कुठनं घडवून आणशील?" मग स्वतःच माझ्या बोटांना खोबरेल तेल लावत बसल्या.

देवळात जाताना चप्पल काढावी लागते. मी स्वच्छ मोजे घालून गेले. शेंगदाण्याची टरफलं, नारळाच्या करवंटीचे तुकडे, उदबत्तीची निखारलेली काडी, काय काय असतं फरशीवर. देव मोज्यांवर रागावत नाही.

सलाईनच्या वेळी पायात थंड मोजे घातले तर बधिरपणा कमी होतो का, असं एकीने विचारलं होतं म्हणून लिहिते. आमच्याकडे सातव्या डोसापासून सिस्टर सलाईन चालू असताना पायाला गारठवलेल्या जेलच्या पिशव्या बांधायच्या, टॉवेलात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्या तासात औषध बोटांपर्यंत कमी पोहोचतं, असा त्यामागचा विचार. पिशव्या मी घरून फ्रीझरमधून काढून थर्माकोलच्या खोक्यात न्यायची. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, काहींना गारठा सोसत नाही. माझी नखं काळपट झाली, अंगठ्याचं एक सैल झालं, पण निघालं एकही नाही. मनाने करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारून करा.

माझ्यामुळे कोरेगावच्या एक काकीही त्या दुकानात गेल्या. त्यांचं दुखणं वेगळं निघालं. त्यांना कॅपेसिटाबीन या किमोच्या गोळ्या चालू आहेत, दोन आठवडे घ्यायच्या आणि एक आठवडा सुट्टी. त्यांचे पाय बधिर नव्हते, उलट तळवे लालबुंद, तापलेल्या तव्यावर उभं राहिल्यासारखी आग, आणि टाचेची सालं निघत होती. याला हात-पायांचा सिंड्रोम म्हणतात. अशा पायाला घासणं आणि उष्णता दोन्ही वैरी. त्यांना एमसीआरचा मऊपणा बरा वाटला, पण रुंद पट्टे घासले आणि दुपारी चप्पल आतून तापते ही तक्रार राहिली. काकांनी पट्ट्यांना आतून मऊ कापड लावून दिलं तेव्हा जरा बरं झालं. त्यांच्या डॉक्टरांनी युरियाचं क्रीम दिलं, आणि पुढच्या चक्रापासून डायक्लोफेनॅक जेलही सुरू केलं. दिल्लीच्या एम्समध्ये 264 पेशंटवर त्याची चाचणी झाली होती, निकाल 2024 मध्ये आला: 1 टक्क्याचं जेल लावणाऱ्यांत मध्यम किंवा जास्त त्रास 3.8 टक्क्यांना झाला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत 15 टक्क्यांना. डायक्लोफेनॅक जेल मेडिकलमध्ये सहज मिळतं. पण ते या गोळ्यांच्या त्रासासाठी, माझ्यासारख्या बधिरपणासाठी नाही, हे डॉक्टरांनी मला मुद्दाम सांगितलं, कारण मी ते आणायला निघालेच होते. तेव्हा माझी चप्पल चांगली म्हणून प्रत्येकीला चांगली असं नाही. आधी आपलं औषध कुठलं आणि पाय करतोय काय, ते बघा.

ज्यांचं पॅक्लीटॅक्सेल किंवा त्याच गटातलं डोसीटॅक्सेल ठरलं आहे त्यांनी पहिल्या डोसाच्या आधी हे माप द्या. पाय तेव्हा बोलत असतो. चावतं कुठे, सैल कुठे, तो स्वतः सांगतो. मी सहाव्या डोसानंतर गेले, तेव्हा त्याची वाचा गेली होती. फक्त पट्टे चिकटपट्टीचेच घ्या, पुढे सूज आली तर सोडता येतात. डोसीटॅक्सेलने सूज जास्त येते असं सिस्टर सांगतात.

जानेवारीत, संक्रांतीनंतर, शेवटचा डोस झाला. मग रेडिएशन. त्यानंतर महिनाभर पायांची काहीच सुधारणा नव्हती, मी घाबरले होते. एप्रिलमध्ये एकदा अंगणात पाणी मारताना डाव्या पायाच्या अंगठ्याला गार लागलं. मी तिथेच नळी धरून उभी राहिले, परत परत पाणी घेतलं. आता उजव्या पायाची दोन बोटं अजून सुन्न आहेत, बाकी बरंचसं आलं आहे. जूनपासून कामावर हजर झाले. डेपोने सध्या पासच्या खिडकीवर बसवलं आहे, गाडीवर अजून नाही. आठ तास ड्युटी, पायात हीच चप्पल. खिडकीवर बसले की समोरून महाबळेश्वर गाडी लागते.

मागच्या आठवड्यात दुसरा जोड टाकायला गेले. बोळाच्या तोंडाशी पाऊस होता, मुलीचा हात धरून त्या दोन पायऱ्या चढले. काकांनी फळीवरून माझा डिसेंबरचा पुठ्ठा काढला, माझं नाव टाकून ठेवला होता. मला वाटलं त्याच्यावरच कापतील. पण नवीन पुठ्ठा टाकला, उभं राहायला सांगितलं, पेन्सिल सरळ धरून रेघ काढली आणि दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर ठेवले. डावा पाय जुन्या रेघेच्या आत सगळीकडून पाव बोट कमी भरला. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. पेन्सिल लागली तशी मी म्हटलं, "करंगळी."

"बराबर," काका म्हणाले, आणि उजवा पाय पुढे घ्यायला सांगितला.